त्रेचाळीस हजार दोनशे भोकं

माझं स्टूल त्यांनी दोरीच्या पलीकडे नेऊन ठेवलं, तिथून सगळं बिघडत गेलं.

स्टूल म्हणजे काही सिंहासन नव्हे. तीन पायांचं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं साधं लाकडी स्टूल. एकतीस वर्षं थेटरच्या मशीनच्या खोलीत मी त्यावर बसून लोकांना सिनेमे दाखवले. एक रीळ संपत आलं की उठायचं, शेजारचं मशीन सुरू करायचं, पहिलं बंद करायचं, पुन्हा बसायचं. थेटर बंद पडलं तेव्हा मी घरी गेलो आणि स्टूल तिथेच राहिलं. चार वर्षांनी वास्तू जतन समिती इमारत दुरुस्त करायला आली आणि मशीनं चालू करायला मला परत बोलावलं. तिने ते स्टूल चकचकीत पॉलिश करून खालच्या दालनात मांडलं, भोवती लाल दोरी बांधली आणि समोर पितळी पाटी लावली, 'ऑपरेटरचे आसन. कृपया स्पर्श करू नये.'

"बाई, हे माझं स्टूल आहे," मी म्हणालो. "मला मशीन तपासायचंय. मी बसू कशावर?"

बाई म्हणजे समितीच्या अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापिका. बोलणं साखरेसारखं, ऐकणं शून्य. "अहो ऑपरेटर, हा तुमचा सन्मान आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला प्लॅस्टिकची खुर्ची देऊ की आपण."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग रविवारी सिनेमा पण त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीलाच दाखवायला सांगा," असं म्हणून मी किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि तडक घरी निघून आलो. तो मंगळवार होता.

आता रविवारचं काय ते सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकला होता. रविवारी दुपारी तीन वाजता चाचणीचा खेळ होता. परवाना खात्याचे साहेब येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर थेटरला पुन्हा सिनेमे दाखवायचा परवाना मिळणार. नाही पटलं तर इमारत कायमचं स्मृतिदालन होणार. म्हणजे लोकांनी हात मागे बांधून हिंडायचं, खुर्च्या बघायच्या, त्यांवर बसायचं नाही. बाईंना यातलं काहीही चाललं असतं. मला चालणार नव्हतं. मी जिवंत असताना माझी दोन मशीनं काचेच्या पेटीत बघण्यापेक्षा ती भंगारात गेलेली परवडली, असं मी बायकोला दहा वेळा सांगितलं. अकराव्यांदा ती म्हणाली, "मग जा ना कामावर."

गेलो नाही. येतील गप्पगुमान बोलवायला, म्हटलं. आणि बुधवारी दुपारी दाराची कडी वाजलीच. मला मनातून गुदगुल्या झाल्या. बायकोला खूण केली, सांग घरी नाहीत म्हणून. तिने कपाळाला आठ्या घालत दार किलकिलं केलं आणि तसं सांगितलं. बाहेर थेटरची पोस्टरं रंगवणाऱ्या पेंटरकाकांचा आवाज. समितीने माफी मागायला या म्हाताऱ्याला पुढे केलेलं दिसतंय, असं वाटून मी आतल्या खोलीत हूं की चूं केलं नाही. काका थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. आणखी दोन दिवस तरी ताणून धरायचं, असं मी ठरवलं.

शनिवारी सकाळी धाकटी बहीण आली. थेटरच्या तिकिटाच्या खिडकीत सत्तावीस वर्षं बसली, म्हणून सगळी वस्ती तिला खिडकीताई म्हणते. तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"दादा, झालं का रुसून?" ती म्हणाली. "उद्या खेळ आहे. तू येणार नसशील तर तसं सांग, मी बाईंना कळवते आणि घरी जाऊन झोपते."

"बाईंनी पाठवलं तुला?"

"बाई मागवलेल्या हारफुलांच्या गडबडीत आहेत. तू नाहीस हे त्यांच्या अजून लक्षात तरी आलंय का, शंकाच आहे."

हे मला फार लागलं. पण शर्ट चढवला आणि निघालो.

थेटरची काय दशा होती आणि काय झाली, हे बघून एरवी बरं वाटायला हवं. सहाशे खुर्च्यांचं थेटर. एके काळी दुपारच्या खेळाला बायका पोरंबाळं घेऊन यायच्या आणि पडद्यावर कोणी रडलं की सगळ्या रांगा रडायच्या. मग हमरस्त्यावर पाच पडद्यांचं नवं थेटर झालं, गार हवेचं. आमच्याकडे उरले ते उन्हातून सावलीला आलेले आणि घरातून हाकललेले. शेवटच्या वर्षी मी एकदा अकरा माणसांसाठी अख्खा सिनेमा चालवला, त्यातली चार झोपली होती. आता भिंती रंगवल्या होत्या, छत गळायचं थांबलं होतं, पायऱ्यांचं पितळ लखलखत होतं. आणि जिकडेतिकडे लाल दोऱ्या. फुटक्या फरशीचा एक तुकडासुद्धा यांनी काचेखाली ठेवला होता. तो तुकडा मी ओळखला. त्याची ठेच लागून निम्म्या वस्तीने मालकाला शिव्या घातल्या होत्या.

वर गेलो. मशीन पुसलं, तेल घातलं, दहा मिनिटांचं एक जुनं रीळ चढवलं. चित्र आलं, काय सुरेख आलं! इतका पांढराशुभ्र उजेड मी त्या थेटरात कधी पाहिला नव्हता. पण आवाज? कोणीतरी तोंडावर उशी दाबून बोलावं तसा आवाज. शब्द कळेना. नुसतं भुम्‌भुम्‌.

आवाजाचं यंत्र उघडलं, ठीक. तारा बघितल्या, ठीक. दोन तास मी जिने चढत-उतरत होतो आणि समितीतल्या प्रत्येक माणसाचा उद्धार करत होतो. शेवटी रीळ पुन्हा सुरू करून पडद्यामागे गेलो. आमच्या थेटरात आवाजाचा एकच मोठा कर्णा, तो पडद्याच्या पाठीमागे मधोमध. कर्णा उत्तम. हात लावला तर थरथरत होता.

मग मी मान वर केली. पडद्यामागे अंधार होता.

तिथे कधीच अंधार नसतो. सिनेमाचा पडदा लांबून अखंड दिसतो, पण तो सगळा बारीक बारीक भोकांचा असतो, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, बोटाच्या पेरावर पंचवीस मावतील अशी. मागचा कर्णा बोलतो तो त्या भोकांतून समोर जातो. हॉलमधले दिवे लागले की मागे उभं राहिल्यावर सगळ्या भोकांतून उजेड येतो आणि पलीकडची खुर्ची न्‌ खुर्ची दिसते. आता दिवे लागलेले होते आणि माझ्यासमोर काळी भिंत. कोणीतरी पडद्याला रंग फासला होता. दोन हात. भोकं बुजली होती.

मी पुढे आलो. पहिल्या रांगेजवळ पेंटरकाका उभे होते, स्वच्छ धुतलेल्या शर्टात. पंचवीस वर्षं या थेटरची मोठाली पोस्टरं त्यांनी रंगवली. पुढे छापील पोस्टरं आली, त्यांचा हात कापायला लागला, आणि काम सुटलं. समितीने त्यांनाही काहीतरी काम द्यावं म्हणून गेल्या महिन्यात बाईंशी मीच भांडलो होतो.

"बघितलंस?" काका म्हणाले. "फोटोत पडदा पिवळट येतोय म्हणाल्या बाई. विड्यासिगरेटींच्या धुराने नासला होता रे. तीन दिवस लागले. ब्रश धरवत नाही आता, म्हणून रोलरने केलं. जवळ जाऊन बघ, एक तरी ओरखडा दिसतो का."

एकही ओरखडा नव्हता. इतकं सफाईचं काम की कोणाला सांगितलं असतं तर वाटलं असतं पडदा असाच विणून आणलाय. "छान झालंय काका," मी म्हणालो आणि बाईंच्या खोलीकडे सुटलो, कारण कोणावर तरी ओरडणं भागच होतं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण दिसतोय किती सुंदर," त्या म्हणाल्या.

"सिनेमा नुसता बघायचा नसतो हो! नवा पडदा मागवा."

"त्याला तीन ठिकाणचे दर, मग ठराव, मग मंजुरी. चार महिने धरा."

"मग कर्णा पडद्याच्या पुढे आणून ठेवतो. आजच्या आज."

बाईंनी गुंडाळलेला नकाशा उलगडला आणि चष्मा लावला. "मूळ नकाशात पडद्यापुढे काहीच नाहीये. आपल्याला मूळ स्वरूप राखायचंय ना? त्यावरच तर आपल्याला मदत मिळाली."

"मूळ स्वरूपात लोकांना ऐकू यायचं, बाई!"

"आवाज नाही आला तर आपण मूकपट आहे म्हणून सांगू का?" त्या म्हणाल्या. विनोद नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या. मी हात टेकले.

जिन्यात धाकटी भेटली. मी तिच्यावरही खेकसलो. ती मागोमाग पडद्यामागे आली. बॅटरी लावून तिने पडद्याची पाठ बघितली. मागच्या बाजूला रंग नव्हता, भोकं दिसत होती, नुसती पुढून झाकली गेली होती.

"सुईने टोचली तर उघडतील ना?" तिने विचारलं.

"वेडी आहेस का? लाखो आहेत."

"सगळी कशाला? कर्णा तर एवढासाच आहे."

हे मला सुचायला हवं होतं. कर्ण्यासमोर चार फूट रुंद आणि तीन फूट उंच, एवढी जागा उघडली तरी काम भागलं असतं. मी हिशोब केला. त्रेचाळीस हजार दोनशे भोकं. सेकंदाला एक धरलं तर दोन माणसांना सहा सहा तास. धाकटीने शिवणाच्या डब्यातून सुया आणल्या, पेन्सिलींच्या मागच्या रबरात खोचल्या, आणि आम्ही दोघं एकेका स्टुलावर, म्हणजे उलट्या बादल्यांवर, बसलो.

"इथे भोकं असतात हे तू कधी सांगितलं नाहीस," तासाभराने ती म्हणाली.

"तुला सांगून काय करायचं होतं?"

सवयीने तोंडातून गेलं. ती टोचत राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्षांची होते तेव्हा मी तुझ्याकडे आले होते. म्हटलं, दादा, मला मशीन शिकव. तू म्हणालास, बोट कापून घेशील, खाली जाऊन तिकिटं फाड."

"बरं मग?"

"मग काय. फाडली."

अंधार पडता पडता बोटं वळेनात म्हणून आम्ही थांबलो, तेव्हा निम्मंसुद्धा झालं नव्हतं. सेकंदाला एक हा हिशोब बसल्याजागी करणाऱ्याचा होता. रविवारी सकाळी सहाला पुन्हा भिडलो. माझा अंगठा सुजला होता. धाकटीने बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या होत्या आणि माझ्या दुप्पट वेगाने चालली होती. या सगळ्यात मी कोणाला शिव्या घालत होतो? बाईंना, नकाशाला, रोलर शोधून काढणाऱ्याला. काकांना मात्र कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

दहा वाजता पडद्यामागे पावलं वाजली. काका. खेळाला म्हणून इतक्या लवकर येऊन बसले होते आणि त्यांना पडद्याच्या मधोमध उजेडाचे ठिपके दिसले होते. आमच्या हातातल्या सुया, बॅटरी, बादल्या, सगळं त्यांनी बघितलं. पुढे येऊन पडद्यावरून बोट फिरवलं. माणूस रंगातला, सांगावं लागलं नाही.

"मी बुजवली," ते म्हणाले.

"काका, तुमची चूक नाही," मी म्हणालो. "बाईंनी विचारायला हवं होतं."

"बाईंना काय माहीत असणार? मी विचारायला आलो होतो. रंग आणला, डबा उघडला, आणि वाटलं, पडद्याचं काम आहे, आधी याला विचारावं. बुधवारी तुझ्या घरी आलो. तू नव्हतास."

धाकटीची सुई थांबली. माझी केव्हाच थांबली होती.

"होतो मी घरी," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. माझी पाच दिवसांची सगळी चीड, बाईंवरची, समितीवरची, त्या पितळी पाटीवरची, एका दाराच्या कडीपाशी येऊन थांबली. एका स्टुलापायी मी दार उघडलं नव्हतं. आणि तेही एक वेळ सोडा. पंचवीस वर्षं हा माणूस मागच्या मोकळ्या जागेत पोस्टरं रंगवत होता, दुपारचा डबा माझ्याबरोबर खात होता. मी एकदा, एकदाच, हात धरून त्याला इथे आणून उभं केलं असतं तर? पण माझ्या कामातलं दुसऱ्याला सांगायचं माझ्या जिवावर यायचं. सांगितलं की आपलं महत्त्व कमी होतं, असं मला वाटायचं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू.

काकांनी सुई मागितली. हात इतका कापत होता की टोक एकाही भोकावर ठरेना. चारदा प्रयत्न करून त्यांनी ती परत दिली आणि बॅटरी घेतली. "उजेड मी धरतो," ते म्हणाले. "तोही हलेल, पण चालेल."

अडीचला शेवटचं भोक उघडलं.

तीन वाजता साहेब आले. किडकिडीत, काखेत फाईल, तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. वस्तीतली पन्नाससाठ माणसंही आली होती. मी वर जाऊन मशीन सुरू केलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर न बसता उभाच राहिलो. आवाज आला. थोडा पातळ, पण स्वच्छ. खाली कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. माझा जीव भांड्यात पडला.

दिवे लागल्यावर मी खाली आलो तर बाई साहेबांना पडदा दाखवत होत्या. "मध्ये तो चौकोन जरासा मळकट दिसतोय बघा. एक हात मारून घेते उद्याच."

"खबरदार!" पेंटरकाका ओरडले. त्या माणसाचा चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "चला इकडे. साहेब, तुम्हीपण चला." आणि त्या दोघांना त्यांनी पडद्यामागे नेलं. मागोमाग निम्मी वस्ती घुसली. काकांनी भोकं दाखवली, कर्णा दाखवला, आवाज कसा जातो ते समजावलं. साहेब एका भोकाला डोळा लावून पलीकडच्या खुर्च्या बघत बसले. बाईसुद्धा वाकल्या. "अय्या," त्या म्हणाल्या. काकांनी भोकांचा आकडा पन्नास हजार सांगितला. साफ चूक. माझी जीभ शिवशिवली, पण मी ती दाताखाली धरली.

साहेबांनी फाईल उघडली. "खेळ चांगला झाला. दुसरा ऑपरेटर कोण?"

"दुसरा कशाला?" मी म्हणालो. "एकतीस वर्षं मी एकटा..."

"नियमाने दोन लागतात. तुम्ही आजारी पडलात, तर? रुसलात, तर?"

बाई एकदम छताकडे बघायला लागल्या. म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं तर.

मी म्हणालो, "ही. माझी बहीण."

"मला काही येत नाही, साहेब," धाकटी म्हणाली, सगळ्यांच्या देखत, अगदी सरळ. "यानं कधी शिकवलंच नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, तिच्या पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांकडे बघितलं, आणि लिहिलं. परवाना तीन महिन्यांचा. तेवढ्यात बहिणीने ऑपरेटरची परीक्षा द्यायची. पास झाली तर थेटर चालू, नाही तर स्मृतिदालन. म्हणजे एकतीस वर्षांचं सगळं, मी दुसऱ्याला किती नीट सांगतो, यावर येऊन ठेपलं. याहून वाईट अट माझ्यासाठी कोणी शोधून काढली नसती.

सोमवारी सकाळी मी दालनात गेलो, दोरी ओलांडली आणि स्टूल उचललं. बाईंनी बघितलं आणि कालसारखी छताकडे नजर लावली. दोरी आणि पाटी तशीच राहिली, मध्ये नुसती फरशी.

धाकटी मशीनपाशी वही घेऊन उभी होती. मी रीळ चढवायला घेतलं. पहिल्याच मिनिटाला तिने तीन प्रश्न विचारले. चौथ्याला मी ओरडलो.

"ओरड," ती म्हणाली. "पण सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तिने लिहून घ्यायला वही गुडघ्यावर टेकवून बघितली, मग भिंतीवर, मग तशीच हातात धरली. ते बघून मी स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं आणि उभा राहिलो. त्या खोलीत दुसरं स्टूल कधी नव्हतंच.